गृहस्थ कर्मयोगी मुन्शी नवलकिशोर



आपल्या सत्संगात एक अडचण नेहमी मांडली जाते. सकाळी उठून दुकान उघडायचे, दिवसभर गिऱ्हाईक, संध्याकाळी हिशेब, घरी मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी. यात साधनेला वेळ कुठून आणायचा? निवृत्तीनंतर बघू, मुले मार्गाला लागली की बघू, असे म्हणता म्हणता वर्षे निघून जातात आणि मन मात्र रुखरुखत राहते.

ही रुखरुख ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आज एका गृहस्थाश्रमी उद्योजकाचे चरित्र. त्यांनी संन्यास घेतला नाही, आश्रम काढला नाही, प्रवचने दिली नाहीत. आयुष्यभर छापखाना चालवला. पण त्यांच्या छापखान्यातून निघालेले रामायण, भागवत, कुराण आणि गीता हजारो सामान्य घरांत पोहोचले. त्यांचे नाव मुन्शी नवलकिशोर. कर्मभूमी लखनौ.

महाराष्ट्रात हे नाव फारसे परिचित नाही. उत्तर भारतातल्या जुन्या घरांत मात्र आजही आजोबांच्या पेटीत एखादी पिवळी पडलेली पोथी सापडते आणि तिच्या मुखपृष्ठावर नवलकिशोर प्रेस, लखनौ असे छापलेले असते. मुन्शी म्हणजे फारसी-उर्दू जाणणारा, लिखापढी करणारा सुशिक्षित माणूस. ही त्यांची ओळख पुढे नावालाच चिकटली.

ओस पडलेल्या शहरात

नवलकिशोर यांचा जन्म ३ जानेवारी १८३६ रोजी भार्गव कुटुंबात झाला. घराची जमीनदारी आजच्या उत्तर प्रदेशातील, तेव्हाच्या अलीगढ जिल्ह्यातल्या सासनी येथे होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगा आधी मकतबात बसला, अरबी-फारसी शिकला आणि पुढे काही काळ आग्रा कॉलेजात गेला. ब्राह्मण घरातला मुलगा मौलवींकडे फारसी शिकतो यात त्या वेळी कोणाला नवल वाटत नसे. कचेरीची, विद्येची आणि शिष्टाचाराची भाषा तीच होती.

तरुण वयात ते लाहोरला गेले. तेथे मुन्शी हरसुखराय यांचा कोहेनूर नावाचा छापखाना होता आणि त्याच नावाचे उर्दू वृत्तपत्रही निघत असे. नवलकिशोर यांनी तिथे काम करता करता सगळा व्यवसाय समजून घेतला. कागद कुठून येतो, शाई कशी लागते, मजकूर कोण तपासतो, पैसे कधी मिळतात आणि कधी बुडतात, हे ज्ञान त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली राबून मिळाले. परिजनहो, नोकरीकडे शिक्षण म्हणून पाहिले तर तिचा कंटाळा येत नाही, हा पहिला धडा इथेच मिळतो.

मग १८५७ साल उजाडले. लखनौ हे त्या उठावाचे एक मोठे केंद्र होते. नवाब वाजिद अली शाह यांना इंग्रजांनी आदल्याच वर्षी गादीवरून काढून कलकत्त्याला पाठवले होते. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी शहर पुन्हा जिंकले तेव्हा वाडे लुटले गेले, मोहल्ले पाडले गेले, माणसे परागंदा झाली. दरबारच्या आश्रयावर जगणारे कवी, हकीम, सुलेखनकार आणि पुस्तक बांधणारे कारागीर एका फटक्यात पोरके झाले.

अशा शहरात त्याच वर्षी बावीस वर्षांचा एक तरुण आला आणि नोव्हेंबर १८५८ मध्ये त्याने छापखाना सुरू केला. विचार करून पाहा. आज बाजारात थोडी मंदी आली की आपण नवे काम पुढे ढकलतो. ज्या शहरात भिंती पडलेल्या आहेत, माणसे भेदरलेली आहेत, तिथे पुस्तकाचा धंदा काढायचा म्हणजे धाडसच. पण त्याच पडझडीत त्यांना एक गोष्ट दिसली. विद्या जाणणारी आणि हातात कला असलेली माणसे शहरात होती, फक्त त्यांना काम देणारे कोणी उरले नव्हते.

शिळेवरची अक्षरे

त्या काळी उर्दू-फारसीची छपाई बहुतेक शिळाप्रेसवर होत असे. ती पद्धत समजून घेण्यासारखी आहे. उर्दूची नस्तालीक लिपी तिरकी, लयदार आणि जोडाक्षरांनी भरलेली. तिचे शिशाचे सुटे खिळे पाडणे अतिशय अवघड. म्हणून कातिब, म्हणजे सुंदर हस्ताक्षर असलेला लेखनिक, खास लेप दिलेल्या कागदावर तेलकट शाईने संपूर्ण पान हाताने लिहीत असे. तो कागद गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर पालथा घालून दाबला की अक्षरे शिळेवर उलटी उमटत. मग शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या जागी बसते, तेलकट अक्षरांवर थांबत नाही. त्यावर शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांनाच धरते. वर कोरा कागद ठेवून दाब दिला की पान सुलट छापून निघते. काम संपले की शिळा घासून पुन्हा कोरी करायची आणि पुढचे पान घ्यायचे.

या पद्धतीत कातिबाच्या हाताची एक चूक झाली तर ती प्रत्येक प्रतीत जाते. धर्मग्रंथात अशी चूक राहणे म्हणजे वाचणाऱ्याच्या श्रद्धेला धक्का. म्हणून लिहिणारा, तपासणारा, शिळा ओली करणारा, दाब देणारा, पाने मोडून शिवणारा अशा सगळ्यांचे लक्ष एकाग्र असावे लागे. आपण ध्यानाला बसून जे साधू पाहतो, ते या माणसांना रोजीरोटीसाठी दिवसभर करावे लागत होते.

सुरुवातीची कामे साधीच होती. नव्या इंग्रजी प्रशासनाला फॉर्म, नोंदवह्या, नियमांची पत्रके हवी होती. शिक्षण खात्याला शाळांची पुस्तके हवी होती. १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता मंजूर झाली, तेव्हा तिच्या उर्दू भाषांतराच्या छपाईचे मोठे काम नवलकिशोर यांच्याकडे आले. अशा कामांत नाव होत नाही, पण पैसा नियमित येतो. त्याच पैशावर त्यांनी पुढे ग्रंथ छापले.

जानेवारी १८५९ मध्ये त्यांनी अवध अखबार हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. १८७० च्या दशकाच्या अखेरीस ते दैनिक झाले. उत्तर भारतातल्या अगदी पहिल्या उर्दू दैनिकांत त्याची गणना होते. रतननाथ सरशार हे काश्मिरी पंडित त्याचे संपादक झाले आणि त्यांची फसाना-ए-आझाद ही गाजलेली कथा याच पत्रातून क्रमशः आली.

हिशेब आणि श्रद्धा

आपल्यातल्या व्यापारी परिजनांनी हा भाग नीट वाचावा.

पुस्तकाच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक खर्च पहिली प्रत निघण्याआधीच होतो. हस्तलिखित मिळवणे, भाषांतर करून घेणे, कातिबाचे मानधन, शुद्धलेखन तपासणे हा तो खर्च. दुसरा खर्च प्रत्येक प्रतीमागे वाढत जातो. कागद, शाई, बांधणी हा तो. समजा आधीचा खर्च शंभर रुपये झाला. शंभरच प्रती काढल्या तर प्रत्येक प्रतीवर एक रुपयाचा बोजा पडतो. हजार प्रती काढल्या तर तोच बोजा दीड आण्याच्या आसपास येतो. पण हजार प्रती काढायच्या तर कागदात आधी पैसा गुंतवावा लागतो आणि पुस्तके खपेपर्यंत धीर धरावा लागतो.

नवलकिशोर यांनी दुसरा मार्ग धरला. जास्त प्रती, कमी किंमत, प्रतीमागे थोडा नफा. त्यांनी कुराणाच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. तुलसीदासांचे रामचरितमानस, सूरदासांचा सूरसागर आणि भागवताचे सुखसागर नावाचे हिंदी रूप छापले. ज्या हिंदू घरांत उर्दूच वाचली जाई, त्यांच्यासाठी रामायण आणि महाभारत उर्दूत आणले. मोगल काळातील ऐन-ए-अकबरीसारखे ग्रंथ, युनानी वैद्यकाची पुस्तके, कोश, व्याकरणे, पंचांगे, शाळेची पुस्तके असे हजारो ग्रंथ या छापखान्याने पुढच्या काळात प्रसिद्ध केले. कानपूरला आणि इतर शहरांतही शाखा निघाल्या.

त्याआधी हस्तलिखित ग्रंथ म्हणजे श्रीमंतांची मालमत्ता होती. एक प्रत लिहायला महिने लागत. गरीब माणसाला ग्रंथ ऐकायला मिळे, घरी ठेवायला मिळत नसे. स्वस्त छापील प्रतीने ही स्थिती बदलली. लहान गावातला शिक्षक, कचेरीतला कारकून, दुकानदार, एखादी लिहितावाचता येणारी गृहिणी यांच्या हातात स्वतःचा ग्रंथ आला. ज्ञानदान हे श्रेष्ठ दान असे आपण म्हणतो. नवलकिशोर यांनी ते फुकट केले नाही. परवडेल अशा किमतीत केले, आणि म्हणूनच ते छत्तीस वर्षे अखंड करू शकले. फुकट वाटणारा एका आवृत्तीत थकतो. हिशेब नीट ठेवणाऱ्याला सेवाही दीर्घकाळ करता येते.

धंद्यात नफा घेणे पाप आहे का, हा प्रश्न सत्संगात काहींना छळतो. इथे त्याचे उत्तर मिळते. नफा कशासाठी आणि किती, यावर त्याचे पुण्यपाप ठरते.

गोमतीपलीकडची गिरणी

छापखाना वाढला तशी एक अडचण उभी राहिली, कागदाची. हातकागद पुरेना आणि तो एकसारखाही नसे. बाहेरून येणारा गिरणीचा कागद महाग पडे आणि वेळेवर पोहोचेल याची खात्री नसे. कागद थांबला की कातिब, छपाईवाले, बांधणीवाले सगळेच रिकामे. शेकडो घरांच्या चुली त्या गठ्ठ्यांवर अवलंबून.

१८७० च्या दशकात लखनौला अपर इंडिया कूपर पेपर मिल उभी राहिली. तेव्हाचे प्रांतप्रमुख सर जॉर्ज कूपर यांचे नाव तिला दिलेले होते. उत्तर भारतातील यंत्रावर कागद बनवणाऱ्या आरंभीच्या गिरण्यांपैकी ती एक. तिच्या उभारणीत नवलकिशोर पुढे होते. गवत, चिंध्या अशा टाकाऊ वाटणाऱ्या मालाचा लगदा करून तिथे कागद तयार होई.

आपण लखनौला गेलात तर हजरतगंजमधून जाणाऱ्या नवलकिशोर रोडवर त्यांचे नाव दिसेल. छापखान्याची मुख्य जागा याच हजरतगंजात होती. तिथून गोमती ओलांडली की निशातगंज लागते. आज ती गजबजलेली वस्ती आहे. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, दुकाने, उड्डाणपूल, रिक्षांची दाटी. या भागात पेपर मिल कॉलनी हे नाव अजून टिकून आहे. भाजी घ्यायला येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या नावामागे कागदाची ती गिरणी आहे आणि त्या गिरणीमागे पोथी स्वस्त करण्याची एका छापखानदाराची गरज होती?

निशातगंज आपल्याला एक गोष्ट शिकवते. अडचण आली की आपण दोन प्रकारे वागतो. एक तर कुरकुरत तिच्याशी जुळवून घेतो, नाहीतर काम सोडतो. नवलकिशोर यांनी अडचणीच्या मुळाशी जाऊन तिथेच नवा उद्योग उभारायला हातभार लावला. साधनेतही हेच आहे. मन एकाग्र होत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा आहार, झोप, संगत या मुळाशी जाऊन पाहावे लागते.

एका छताखाली

नवलकिशोर स्वतः श्रद्धावान हिंदू होते. त्यांच्या छापखान्यात संस्कृत जाणणारे पंडित, अरबी जाणणारे आलिम, उर्दूचे शायर आणि हिंदीचे लेखक एकाच छताखाली काम करत. कुराणाचा मजकूर मुस्लिम विद्वान तपासत, पुराणांचा पंडित तपासत. ज्याचा ग्रंथ, त्याच्या जाणकाराच्या हाती त्याची शुद्धता.

कुराण छापताना कारागीर आधी वजू करत, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन शुचिर्भूत होत, आणि शिळा धुतलेले पाणी गटारात जाऊ दिले जात नसे, असे लखनौत परंपरेने सांगितले जाते. आपण ज्या भावाने तुळशीला पाणी घालतो तोच भाव यात आहे. दुसऱ्याचे पवित्र ते आपल्यालाही पवित्र, हे भाषणात सांगायला सोपे. कारखान्यात रोज पाळायचे तर त्यासाठी वेळ मोडतो, पाणी लागते, माणसांना समजवावे लागते आणि त्याचा खर्चही होतो.

१८५७ नंतर हिंदू आणि मुसलमान यांच्यात अंतर पाडणारी हवा वाढत होती. उर्दू कोणाची आणि हिंदी कोणाची यावर वाद सुरू झाले होते. अशा काळात हा छापखाना दोन्ही लिप्यांत पुस्तके काढत राहिला. मिर्झा गालिब उतारवयात दिल्लीत हलाखीत दिवस काढत होते. त्यांचा फारसी काव्यसंग्रह नवलकिशोर यांनी १८६३ मध्ये छापला. गालिबच्या पत्रांत या तरुण प्रकाशकाचा उल्लेख येतो. अमीर हमजाची दास्तान लखनौचे कथेकरी तोंडी सांगत असत. ती लिहून घेऊन छापण्याचे प्रचंड काम या छापखान्याने हाती घेतले. ते नवलकिशोर यांच्या मृत्यूनंतरही चालू राहिले आणि त्याचे ४६ खंड झाले. छापले नसते तर कथेकऱ्यांबरोबर त्या कथाही गेल्या असत्या.

आपल्याकडचे जावजी दादाजी

महाराष्ट्रातील परिजनांना इथे एक ओळखीचा चेहरा आठवेल. नवलकिशोर यांच्याहून तीन वर्षांनी लहान असलेले जावजी दादाजी चौधरी. जन्म १८३९, मुंबईतल्या गरीब घरात. लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली खिळे पाडण्याची कला पाहिली, पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागर पंचांग आणि त्या छापखान्याचे सुबक, शुद्ध संस्कृत ग्रंथ देशभर गेले. सुंदर देवनागरी खिळे पाडणारे त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांची साथ नसती तर हे झाले नसते. १८९२ मध्ये जावजी गेले आणि चिरंजीव तुकाराम जावजी यांनी काम पुढे नेले.

एक लखनौचा जमीनदार घरातला फारसीनिपुण मुन्शी, दुसरा मुंबईचा खिळे घासणारा पोरगा. दोघांच्या हातून एकाच काळात ग्रंथ घरोघरी गेले. ईश्वरी काम कोणत्या घरात जन्मलो ते विचारत नाही. कामावर निष्ठा किती, एवढेच बघते. सावता माळ्यांना मळ्यात विठ्ठल भेटला, गोरोबाकाकांना चिखल तुडवताना. या दोघांना तो शाईच्या वासात भेटला असे म्हणायला हरकत नाही.

एक बाजू झाकू नये

चरित्र वाचताना देव्हाऱ्यात बसवण्याची घाई करू नये. नवलकिशोर इंग्रज सरकारच्या मर्जीतले होते. सरकारी छपाईवर त्यांचा धंदा उभा राहिला, सरकारने त्यांना मानसन्मान दिले आणि काँग्रेसच्या सुरुवातीच्या दिवसांत ते तिच्या बाजूने नव्हते. ज्या सत्तेने लखनौ उद्ध्वस्त केले, तिचेच फॉर्म छापून हा छापखाना वाढला.

हे वाचून कोणाला खटकेल आणि खटकणे योग्यच आहे. पण त्याचबरोबर हेही पाहावे, की त्या सरकारी कामाचा पैसा त्यांनी कुठे नेला. तो पैसा ज्या संस्कृतीचा आश्रय तुटला होता तिच्या ग्रंथांत आणि कारागिरांत परत गेला. आपणही ज्या व्यवस्थेत नोकरी-धंदा करतो ती पूर्ण निर्मळ नसते. कोणाला कर्जावरचे व्याज घ्यावे लागते, कोणाला अशा मालकाकडे राबावे लागते ज्याचे सगळे पटत नाही. अशा वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हातून मी कोणते चुकीचे काम होऊ देणार नाही? आणि मिळालेल्यातून मी समाजाला काय परत देणार? पहिला प्रश्न विसरून फक्त दुसऱ्याचे उत्तर दिले तर ती सोयीची समजूत ठरते. दोन्ही प्रश्न एकत्र विचारले तरच साधना.

पिता आणि वारसा

१९ फेब्रुवारी १८९५ रोजी नवलकिशोर यांनी देह ठेवला. वय ५९. त्यांचे दत्तक पुत्र प्रागनारायण यांनी सगळा कारभार हाती घेतला आणि १९१६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तो सांभाळला.

परिजनहो, इथे क्षणभर थांबा. दत्तक मुलाने वडिलांचे काम वीस वर्षांहून अधिक काळ पुढे नेले. अपुरी राहिलेली दास्तान पुढे छापत ठेवली. बाप होणे म्हणजे रक्त देणे एवढेच असते तर हे घडले नसते. आपण मुलाला घर देतो, दागिने देतो, शिक्षण देतो. पण आपण हे काम का करतो, याचे कारण त्याला देतो का? मुलगा दुकानात येऊन बसतो तेव्हा त्याला फक्त गल्ला दिसतो की त्यामागचा हेतूही दिसतो? ज्या मुलाला हेतू कळला तो व्यवसाय बदलला तरी संस्कार बदलत नाही.

प्रागनारायण यांच्यानंतर त्यांचे पुत्र बिशननारायण यांच्या काळात, १९२२ मध्ये, माधुरी हे हिंदी मासिक इथून निघाले. प्रेमचंद यांनी काही काळ त्याचे संपादन केले. पुढे देश स्वतंत्र झाला, काळ बदलला आणि १९५० च्या सुमारास छापखाना वारसांत वाटला गेला. मालमत्ता वाटली गेली, पण पुस्तके वाटणीत आली नाहीत. ती आधीच लोकांच्या घरी पोहोचलेली होती. १९७० मध्ये भारतीय डाक विभागाने नवलकिशोर यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आणखी एक गोष्ट. एवढा पसारा सांभाळणारा माणूस घरी किती वाजता येत असेल, जेवणाची ताटे किती वेळा झाकून ठेवली जात असतील, हे प्रत्येक व्यापाऱ्याच्या घरातल्या माणसांना सांगावे लागत नाही. कर्मयोग एकट्याचा नसतो. घरातली पत्नी, आई, बहीण यांच्या सहनशीलतेवर तो उभा असतो. म्हणून कामाचे पुण्य मिळाले असे वाटले तर त्यातला अर्धा वाटा घरी नेऊन द्यावा. निदान दिवसातून एकदा, सगळ्यांनी मिळून जेवताना, त्यांच्याशी दोन शब्द बोलून तरी द्यावा.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. या पंधरवड्यासाठी आपण चारच गोष्टी घेऊ.

पहिली, कामाला सुरुवात करण्यापूर्वी एक मिनिट डोळे मिटून बसावे आणि हे काम ज्या माणसाच्या हाती पोहोचणार आहे त्याला मनात आणावे. गिऱ्हाईक असो, विद्यार्थी असो, रुग्ण असो की घरातले जेवणारे असोत.

दुसरी, आपल्या व्यवसायातली एक तरी वस्तू किंवा सेवा अशी ठेवावी, जी गरिबाला परवडेल. तोट्यात नको, थोड्या नफ्यात. म्हणजे ती वर्षानुवर्षे चालेल.

तिसरी, आपल्याहून वेगळ्या धर्माच्या, वेगळ्या भाषेच्या माणसाला जे पवित्र वाटते त्याचा मान आपल्या दुकानात, कचेरीत, सोसायटीत राखावा. घोषणा न करता, गाजावाजा न करता.

चौथी, या आठवड्यात मुलांना जवळ बसवून आपण करतो ते काम का करतो, हे सांगावे. कारण सापडत नसेल तर आधी स्वतः शोधावे. तो शोध हीसुद्धा उपासनाच आहे.

साधनेला वेळ कुठून आणायचा, या प्रश्नापासून आपण सुरुवात केली होती. सकाळची पंधरा मिनिटे जप-ध्यानाची आहेतच, ती सोडू नयेत. पण उरलेले दहा-बारा तास आपण साधनेच्या बाहेर घालवतो हा समज मात्र सोडून द्यावा. शिळा ओली करणाऱ्या त्या कारागिराने पाणी कमी घातले असते तर पान काळे झाले असते. त्याने ते नीट घातले आणि कुठल्यातरी खेड्यात कोणाला तरी रामकथा स्पष्ट वाचता आली. आपल्याही हातातली शिळा अशीच नीट ओली असू द्या.

गुरुकृपेने आपणा सर्वांचे कर्म निर्मळ होवो, घर प्रेमाने भरलेले राहो आणि आपल्या हातून चार घरांत प्रकाश जावो, हीच प्रार्थना.